काटा की कान?

१२ डिसेंबर १९०१. न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने टेलिफोनचा इअरफोन कानाला लावला आणि अटलांटिकपलीकडून रेडिओवर आलेली मोर्स कोडची तीन टिंबं ऐकली. अँटेना म्हणजे पतंगाने उचललेली तार. ऐकणारे दोघेच, तो आणि त्याचा सहायक केम्प. कागदावर काहीच उमटलेलं नसल्याने शंकेखोरांना आयतं निमित्त मिळालं. म्हणून पुढच्या वर्षी 'फिलाडेल्फिया' जहाजावर त्याने संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले. रेडिओ सिग्नल जोखताना कानावर विश्वास ठेवायचा की यंत्रावर, हा वाद इतका जुना आहे.

गंमत म्हणजे एस-मीटरवरचे, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या रिसीव्हरवरच्या काट्याचे आकडेही मुळात कानाचेच. १९३४ मध्ये ब्राटेन या अमेरिकन हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) सिग्नल कसा ऐकू येतो हे आकड्यांत सांगण्याची आरएसटी पद्धत मांडली, त्यात सिग्नलची ताकद १ ते ९ अशी ऐकून ठरवायची होती. पुढे हेच आकडे रिसीव्हरच्या काट्याखाली जाऊन बसले. काटा मात्र रिसीव्हर स्वतःचा आवाज सारखा राखण्यासाठी जो व्होल्टेज वापरतो, त्यावर हलतो. दोन रिसीव्हरचे 'एस ७' एक असतीलच असं नाही. १९८१ मध्ये हॅम संघटनांनी एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींवर) एस ९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट आणि दर एककाला ६ डीबी (डेसिबेल) अशी शिफारस केली. पण बऱ्याच सेटमध्ये खालची एककं आजही ६ डीबीची भरत नाहीत.

खरी मेख वेगळीच आहे. काट्याला सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली अमेरिकन हॅमचे सिग्नल ऐकायला स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला गेला, तेव्हा त्याने सुमारे १,३०० फूट लांबीची, जमिनीपासून थोड्याच उंचीवरची 'बीव्हरेज' नावाची अँटेना-तार ताणली होती. ही तार सिग्नल फार कमी उचलते, पण इतर दिशांचा गोंगाट त्याहून कमी. रात्री ८० मीटरच्या पट्ट्यावर डायपोल (दोन हातांची साधी तारेची अँटेना) लावा, काटा एस ७ला आणि कानात नुसता खरखराट. स्विच बीव्हरेजवर टाका, काटा एस २ला पडतो आणि त्याच खरखराटातला कॉलसाइन (स्टेशनची ओळखखूण) सुटा होऊन ऐकू येतो. काटा बघून अँटेना निवडणारा इथे हमखास फसतो.

कानही काही धुतल्या तांदळासारखा नाही. एक-दोन डीबीचा फरक त्याला जेमतेम कळतो, आणि दोन अँटेना ताडून बघायला केबल बदलेपर्यंत फेडिंगमुळे (सिग्नल आपोआप चढ-उतरत राहिल्याने) सिग्नलच बदललेला असतो. (स्वतः उभारलेली अँटेना कानाला नेहमीच जास्त गोड लागते, ते वेगळंच.)

२००८ मध्ये जो टेलर या नोबेलविजेत्या हॅमने डब्ल्यूएसपीआर आणलं, म्हणजे अतिक्षीण सिग्नल संगणकाने ओळखण्याची पद्धत. जवळपास दोन मिनिटांचं प्रसारण, आणि रिपोर्टमध्ये ताकदीऐवजी सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत किती, ते. दोन अँटेना एकाच वेळी ऐकत ठेवल्या की फेडिंगचा प्रश्नही बराचसा सुटतो. त्यात उणे २५ डीबीचे, म्हणजे सिग्नल गोंगाटाहून कितीतरी क्षीण असल्याचे आकडेही येतात. मोर्स ऐकण्यात मुरलेला कान तिथे कधीच गारद झालेला असतो.