शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय?

जन्मतारीख सम असेल तर घरी, विषम असेल तर ऑफिसात. शांघायच्या एका कंपनीने २०१० साली आपल्या माणसांची अशी वाटणी केली. कंपनीचं नाव सीट्रिप. विमानाची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या लोकांना फोनवरून बुक करून देणं हे तिचं काम. शहरात जागेचं भाडं चढत चाललं होतं आणि कॉल सेंटरमधली जवळपास निम्मी माणसं वर्षभरात नोकरी सोडून जात होती. लोकांना घरूनच काम करू दिलं तर? हा प्रश्न कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांग यांना पडला. ते त्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी. करत होते आणि तिथल्या निकोलस ब्लूम यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांना हाताशी धरून त्यांनी याचा रीतसर प्रयोगच लावला.

वाटणी जन्मतारखेवरून का केली, हे आधी समजून घ्यायला हवं. ज्याला हवं त्याला घरी पाठवलं असतं, तर घरी गेलेली माणसं मुळातच वेगळी निघाली असती: कुणी जास्त शिस्तीचं, कुणाचं घर शांत, कुणी ऑफिसला कंटाळलेलं. मग कामात जो फरक दिसला असता तो जागेमुळे की माणसामुळे, हे सांगता आलं नसतं. जन्मतारीख सम असण्याचा आणि स्वभावाचा काहीच संबंध नसतो. त्यामुळे दोन्ही गट सारखे राहतात आणि उरतो तो फक्त जागेचा फरक. घरून काम चांगलं की ऑफिसातून, यावर दोन्ही बाजूंनी जी ठाम मतं ऐकू येतात, त्यांतली बहुतेक या चाळणीतून गेलेलीच नसतात.

प्रयोगात २४९ जण होते आणि सगळे आपणहून तयार झालेले. घरच्या गटाने नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून आणि एक दिवस ऑफिसातून काम केलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. या १३ टक्क्यांच्या पोटात मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातले ९ टक्के निव्वळ जास्त मिनिटं काम केल्यामुळे आले: मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले ४ टक्के दर मिनिटाला जास्त फोन घेतल्यामुळे आले आणि त्याचं कारण म्हणून लोकांनी घरातली शांतता सांगितली. म्हणजे घरी माणूस फारसा जलद होत नाही, तो कामावर जास्त वेळ हजर असतो. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण तर निम्म्यावर आलं.

एवढं वाचून थांबलं तर निकाल घराच्या बाजूने लागतो. पण त्याच प्रयोगात आणखी दोन गोष्टी निघाल्या. घरून काम करणाऱ्यांना, त्यांच्या वाढलेल्या कामाच्या मानाने पाहिलं तर, बढत्या कमी मिळाल्या. आणि पुढे कंपनीने सगळ्यांना जागा निवडायची मोकळीक दिली, तेव्हा प्रयोगातल्या निम्म्याहून जास्त जणांनी आपली जागा बदलली. घरी एकटं वाटतं, हे परत ऑफिसात येणाऱ्यांचं मोठं कारण होतं. ज्याला जे मानवतं ते ज्याने त्याने निवडल्यावर फायदा २२ टक्क्यांपर्यंत गेला. मला या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच वाटतो. नऊ महिने स्वतः अनुभव घेतल्याशिवाय आपल्याला काय मानवेल हे निम्म्या लोकांना सांगता आलं नव्हतं.

आता चेन्नईला जाऊ. तिथे डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे या संशोधकांनी डेटा एंट्रीच्या कामासाठी माणसं घेतली आणि कोण घरून काम करणार, कोण ऑफिसातून, हे नशिबावर सोपवलं. इथे निकाल अगदी उलटा लागला. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता ऑफिसवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी निघाली. यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवसापासून होता. उरलेला हळूहळू वाढत गेला, कारण ऑफिसात बसणारे काम लवकर शिकत होते.

शांघायमध्ये जे जमलं ते चेन्नईत का बिघडलं? एक फरक उघड दिसतो. सीट्रिपच्या प्रयोगात यायचं तर नोकरीला किमान सहा महिने झालेले असणं, घरी ब्रॉडबँड असणं आणि कामापुरती स्वतंत्र खोली असणं, या अटी होत्या. म्हणजे काम आधीच हातात बसलेली आणि दार लावून बसू शकणारी माणसं घरी गेली. चेन्नईतली माणसं नवी होती.

चेन्नईच्या अभ्यासातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. घरून काम करायला मिळावं अशी ज्यांची इच्छा होती, ते मुळात इतरांपेक्षा १२ टक्के सरस होते. पण घरी त्यांचंच नुकसान जास्त झालं. त्यांची उत्पादकता घरी २७ टक्क्यांनी घटली, तर ऑफिस पसंत करणाऱ्यांची १३ टक्क्यांनी. याचं निदान काही अंशी स्पष्टीकरण असं, की घर मागणाऱ्यांत लहान मुलं असलेली, घरातल्या कुणाची काळजी घ्यावी लागणारी आणि गरीब घरातली माणसं जास्त होती. त्यांनी घर निवडलं ते तिथे काम छान होतं म्हणून नव्हे, तर घराबाहेर पडणं अवघड होतं म्हणून. घरून कामाची सोय ज्यांना सगळ्यात जास्त लागते, त्यांच्याच घरात कामाला जागा आणि शांतता सगळ्यात कमी असते. धोरण ठरवताना ही गोष्ट मोजलीच जात नाही याचं मला वाईट वाटतं. अशा माणसांना घर किंवा ऑफिस यापेक्षा पाळणाघर जास्त उपयोगी पडेल.

मग ऑफिसात असं काय असतं जे घरी येत नाही? भिंती आणि खुर्च्या तर नाहीच. एका गोष्टीचा माग संशोधकांना बऱ्यापैकी लागला आहे, ती म्हणजे समोरासमोरच्या बोलण्याची लय. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात, सेकंदाचा पाचवा भाग. २००९ साली जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या १० भाषा तपासल्या गेल्या, तेव्हा सगळीकडे हे अंतर याच्याच आसपास निघालं. उत्तराचा विचार करून तोंड उघडायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेत आपण आधीच तयार असतो. हा अंदाज आपण आवाजाच्या चढउतारावरून, श्वासावरून, नजरेवरून बांधतो. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला थोडा जरी उशीर झाला तरी हा ताल चुकतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात आणि "नाही नाही, तुम्ही बोला" सुरू होतं. त्यात पडद्यावर स्वतःचा चेहरा सतत दिसतो, दहा चेहरे अगदी जवळून आपल्याकडे पाहत असल्यासारखे वाटतात आणि जागेवरून हलता येत नाही. कॉलनंतरच्या थकव्याची ही कारणं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली.

नवं काही सुचण्यावरही पडद्याचा परिणाम होतो. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव यांनी २०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच देशांतल्या १,४९० इंजिनीअरांच्या जोड्या लावल्या. काही जोड्या एका खोलीत बसल्या, काही व्हिडिओवर, आणि सगळ्यांना नव्या उत्पादनाच्या कल्पना काढायला सांगितलं. व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. प्रयोगशाळेतल्या तशाच जोड्यांच्या नजरेचा माग घेतला तेव्हा असं दिसलं, की व्हिडिओवरची माणसं पडद्याला डोळे लावून बसतात. खोलीत बसलेल्यांची नजर मात्र इकडेतिकडे फिरते, कोपऱ्यातल्या कुंडीवर जाते, परत येते. नजर भटकते तेव्हा विचारही भटकतो आणि नवं सुचायला तेच हवं असतं. पण आधीच सुचलेल्यातून चांगली कल्पना निवडायची असेल, तर व्हिडिओवरच्या जोड्या कुठेही मागे पडल्या नाहीत. काम तेच, मीटिंग तीच, तिच्या अर्ध्या भागाला खोली लागते आणि अर्ध्याला लागत नाही.

ओळखींचंही तसंच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती रोज भेटणाऱ्या मित्राकडून कळलेली नसते, अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या परिचिताकडून कळलेली असते. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून. २०२० साली मायक्रोसॉफ्टने सगळ्यांना घरी पाठवलं, तेव्हा अमेरिकेतल्या तिच्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या ईमेल, कॉल आणि मीटिंगांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. आपल्याच गटातलं बोलणं घट्ट झालं होतं. वेगवेगळ्या गटांना जोडणाऱ्या ओळखींवर जाणारा वेळ साधारण पाव हिश्शाने घटला होता. त्या दिवशीच्या कामात हे दिसत नाही. दिसतं ते दोन वर्षांनी, जेव्हा दोन विभाग एकच गोष्ट दोनदा करून बसतात.

पण म्हणून सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवलं की बोलणं आपोआप वाढेल, असं समजू नये. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांचं असं स्थलांतर अभ्यासलं. मधल्या भिंती काढून खुली ऑफिसं झाली. लोकांच्या गळ्यात कोण कुणाशी समोरासमोर बोलतंय हे टिपणारी उपकरणं अडकवली होती. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल वाढले. चारचौघांत बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं म्हटल्यावर माणसं कानाला हेडफोन लावून शेजाऱ्याला ईमेल करतात. लोकांना परत बोलावताना जे हॉल दाखवले जातात, त्यातले कित्येक याच जातीचे आहेत. तिथे घरचा निवांतपणा नाही आणि ऑफिसचं बोलणंही नाही. दोन्हींचे तोटे मात्र आहेत.

प्रवासाचा मुद्दा थोडक्यात. 'टेलिकम्युटिंग' हा शब्द जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये घडवला, तोच मुळी रस्त्यावरची कोंडी आणि वाया जाणारं इंधन पाहून. २७ देशांत केलेल्या एका पाहणीनुसार घरून काम केल्याने दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात. त्यातली साधारण ४० टक्के मिनिटं पुन्हा कामातच जातात. तरीही ही बचत खरी आहे आणि लांबून येणाऱ्यांसाठी ती मोठी आहे. नोकरी टिकवण्याशी तिचा थेट संबंध आहे.

हे दिसलं सीट्रिपच्याच दुसऱ्या प्रयोगात. कंपनी तीच, नाव आता ट्रिप डॉट कॉम, आणि १,६१२ कर्मचारी. त्यात इंजिनीअर होते, मार्केटिंगवाले होते, हिशेब पाहणारे होते. या वेळी विषम जन्मतारीखवाल्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची मुभा मिळाली. निकाल २०२४ मध्ये आला. नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, आणि सगळ्यात जास्त घटलं ते स्त्रियांमध्ये, लांबून येणाऱ्यांमध्ये आणि ज्यांच्या हाताखाली कुणी नाही अशांमध्ये. पुढची दोन वर्षं कामाचा दर्जा आणि बढत्या तपासल्या, त्यात काही फरक सापडला नाही. सुरुवातीला मॅनेजरांना वाटत होतं की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल. अनुभव घेतल्यावर तेच म्हणाले, १ टक्क्याने वाढते.

दोन दिवस घरी, तीन दिवस ऑफिसात, हा मध्यममार्ग म्हणूनच मला पटतो. मात्र ते तीन दिवस सगळ्यांचे एकच असले पाहिजेत. नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस या तिघींनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनीअरांचा अभ्यास केला. काही गट एकाच इमारतीत बसायचे, तर काहींतले लोक चालत काही मिनिटांवर असलेल्या दोन इमारतींत विभागलेले होते. एकत्र बसणाऱ्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांकडून जास्त सूचना मिळत, आणि त्याचा सगळ्यात जास्त लाभ तरुणांना आणि स्त्रियांना होई. २०२० मध्ये सगळे घरी गेल्यावर हा फरक पुसला गेला. एकच माणूस लांब बसत असला तरी जवळ बसलेल्यांचं आपसातलं बोलणंही कमी व्हायचं, कारण त्याच्यासाठी सगळी चर्चा ऑनलाइन न्यावी लागे.

याची किंमत कोण देतं हेही त्या अभ्यासात आहे. एकत्र बसल्यावर जुन्याजाणत्या इंजिनीअरांचं स्वतःचं काम कमी झालं. नव्याला शिकवण्यात जाणारा वेळ त्यांच्या नावावर लागत नाही. ते घरी राहिले की त्यांचे आकडे वाढतात आणि वरिष्ठही खूश होतात. शेजारची खुर्ची रिकामी आहे हे फक्त नव्याला कळतं. तो अडलेला असतो, विचारू की नको या विचारात चॅटवर लिहिलेलं वाक्य दोनदा पुसतो आणि मग स्वतःच शोधत बसतो.