आजोबांचं युद्धकाळातलं जॅकेट पुन्हा शिवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असलेल्या आजोबांचं किंवा पणजोबांचं चामडी जॅकेट पुन्हा शिवून घ्यायचं असेल, तर हे पत्रक आधी वाचा. घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. चामडं निवडणं, माप देणं ही कामं नंतरची. आधी आजोबांच्या अंगावर नेमकं काय होतं ते शोधायचं असतं, आणि ते घरच्यांच्या मदतीशिवाय होत नाही. मोबाइलवर दाखवलेल्या चित्रातलं जॅकेट कुणीही शिवून देईल. तुमच्या घरातल्या माणसाची आठवण म्हणून जे शिवायचं, ते त्या माणसाचंच असलं पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. त्यासाठी कधी कधी आम्ही ग्राहकाला हवं असलेलं जॅकेट बाजूला ठेवून वेगळंच सुचवतो.

आजोबा कुठे होते, त्यावर जॅकेट ठरतं

वैमानिकाचं जॅकेट म्हटलं की बहुतेकांच्या मनात दोन प्रकार असतात. पहिलं अमेरिकन, ‘ए-टू’. अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने ते 1931 मध्ये स्वीकारलं आणि 1943 मध्ये त्याची नवी खरेदी थांबवून कापडी जॅकेटं आणली. पातळ पण चिवट चामडं, बरंचसं घोड्याचं, काही बकऱ्याचं. शर्टासारखी कॉलर, तिची टोकं खाली धरून ठेवणारी लपलेली टिचबटणं, खांद्यावर पट्ट्या, पुढे झाकणाचे दोन खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. पाठ एकाच अखंड तुकड्याची. हात ऊबेत घालायला बाजूचे खिसे त्यात नव्हते. ते हवे असा आग्रह पुष्कळ जण धरतात, पण तसं केलं की ते ए-टू राहत नाही.

दुसरं ब्रिटिश, ‘अर्विन’. पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली अर्विन यांच्या कंपनीचं हे जॅकेट. इंग्लंडमध्ये लेचवर्थ इथे 1926 पासून त्यांचा कारखाना होता. मेंढीचं कातडं लोकरीसकट कमवायचं, लोकर आत आणि चामड्याची बाजू बाहेर ठेवायची, हे त्याचं तत्त्व. उंच कॉलर वर करून कानापर्यंत ओढता येते, कमरेला पट्टा असतो, आणि मनगटापासून वर बाहीला चेन असते, म्हणजे जाड हातमोजे नीट बसतात. सुरुवातीची जॅकेटं मोठ्या तुकड्यांची होती. युद्ध लांबलं, कातड्याची टंचाई झाली, तसे लहान लहान तुकडे जोडावे लागले. म्हणून उशिराच्या अर्विनवर शिवणी जास्त दिसतात. आजोबांचा काळ कळला तर शिवणी कुठे द्यायच्या तेही कळतं.

एवढी ऊब का लागत होती? वर जाताना दर 1,000 मीटरला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं. 20,000 फुटांवर ते उणे 25 च्या आसपास असतं, आणि त्या काळच्या लढाऊ विमानांत वैमानिकाला उबेची सोय फारशी नव्हती. अर्विन हे थंडीपासून जीव वाचवणारं साधन होतं.

आता तुमच्या आजोबांकडे या. 1940 मध्ये 24 भारतीय वैमानिक इंग्लंडला गेले आणि त्यांतले पुष्कळ जण रॉयल एअर फोर्सच्या तुकड्यांतून लढले. आजोबा त्यांच्यात असतील, किंवा थेट ब्रिटिश तुकडीत असतील, तर अर्विन बरोबर. पण भारतीय हवाई दलाची मोठी कामगिरी झाली ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. 1944 मध्ये इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची 1 क्रमांकाची तुकडी हरिकेन विमानांतून टेहळणी करत होती, आराकानमध्ये 6 क्रमांकाची तुकडी तेच करत होती. ही उड्डाणं जंगलावरून, पुष्कळदा अगदी खालून व्हायची, आणि हवा दमट आणि उकाड्याची. तिथे मेंढीच्या लोकरीचं जॅकेट घालून कोण बसेल? खाकी सुती कपडे, हेल्मेट, पॅराशूटचे पट्टे, हा तिथला पोशाख. महिंदर सिंग पुज्जी यांच्यासारखा वैमानिक इंग्लंडमध्येही लढला आणि पुढे ब्रह्मदेशातही. म्हणजे एकाच माणसाचे दोन पोशाख झाले. अशा वेळी फोटो कुठला आहे हे पाहिल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

आणखी एक शक्यता आहे आणि ती आमच्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांनी जरूर लक्षात घ्यावी. घरात ‘आजोबांचं युद्धातलं चामड्याचं जॅकेट’ म्हणून ज्याच्या गोष्टी सांगतात, ते कदाचित बिनबाह्यांचं असेल. ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैन्यात तपकिरी चामड्याची, आतून लोकरी कापडाची, पुढे चार मोठ्या बटणांची बंडी होती. तिला जर्किन म्हणत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीच्या डोंगरांत लढल्या. यशवंत घाडगे यांना 1944 मध्ये आणि नामदेव जाधव यांना 1945 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं ते इटलीतल्याच लढाईसाठी. आजोबा इटलीत असतील आणि फोटोत बाह्या दिसत नसतील, तर ती बंडी शिवा. विमानाचं जॅकेट शिवून त्यांना वैमानिक करू नका. पायदळातल्या माणसाची ती ओळखच पुरेशी मोठी आहे. तीच गोष्ट हवाई दलातल्या फिटर, रिगर, आर्मरर मंडळींची, म्हणजे जमिनीवर राहून विमानाचं इंजिन, सांगाडा आणि शस्त्रं सांभाळणाऱ्यांची. विमान त्यांच्या हातातून गेल्याशिवाय उडत नव्हतं.

घरी काय शोधायचं

फोटो तर हवाच, आणि मागची बाजू पाहायला विसरू नका. ठिकाण आणि साल बहुधा तिथे असतं. मूळ फोटो फ्रेममधून ओढून काढू नका, काच तशीच ठेवून आम्ही प्रत काढतो. वैमानिकाची उड्डाणवही असेल तर सोनंच. निळसर-करड्या किंवा काळपट जिल्दीच्या त्या वहीत तारीख, विमानाचा प्रकार, काम, किती वेळ उड्डाण, हे सगळं ओळीने लिहिलेलं असतं. त्यावरून आजोबा कुठल्या महिन्यात कुठे होते ते स्पष्ट होतं.

वही नसेल तर पदकांकडे वळा. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी मिळालेल्या बर्मा स्टारची फीत गडद निळी असते, मध्ये रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात एकेक नारिंगी रेघ. इटली स्टारच्या फितीत लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे. ब्रिटिश सैनिकांना मिळालेल्या या पदकांवर नाव नसे, पण भारतीय दलांना दिलेल्या पदकांवर पुष्कळदा सेवा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. भिंग घेऊन कड आणि मागची बाजू पाहा. पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या नातवंडांना आणखी एक वाट आहे: रॉयल एअर फोर्सच्या तुकड्यांच्या रोजनिश्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर 27’ या मालिकेत पाहायला मिळतात.

आणि आजी, आत्या, मोठे काका हयात असतील तर त्यांना विचारा. रंग कोणता होता, खिशात काय असायचं, कॉलर वर करून घालायचे का. काळ्या-पांढऱ्या फोटोत हे दिसत नाही.

मूळ जॅकेट घरात असेल तर

ते कापू नका. नावाची पट्टी काढून नव्या जॅकेटवर लावून द्या, अशी विनंती आमच्याकडे अधूनमधून येते. आम्ही ती कधीच मान्य करत नाही. जुनं जॅकेट कितीही विरलेलं असलं तरी ते जसं आहे तसंच राहावं. हात लावल्यावर बोटांना तांबडी भुकटी लागत असेल, तर चामडं आतून कुजत चाललं आहे. त्याला तेल, व्हॅसलीन, बूटपॉलिश काहीही लावू नका, अंगात घालू नका, टांगूही नका. सुती चादरीवर आडवं पसरा, बाह्यांत मऊ कागद भरा. आम्ही तुमच्या घरी येऊन मापं घेतो आणि शिवणीचे फोटो काढतो. जॅकेट आमच्याकडे ठेवून घेत नाही.

चामडं

इथे आम्हाला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण पैसा इथेच जातो आणि फसवणूकही इथेच होते.

घोड्याचं चामडं आपल्याकडे नेहमीच्या बाजारात मिळत नाही. परदेशातून मागवता येतं, महाग पडतं. ए-टूसाठी आम्ही बकऱ्याचं चामडं सुचवतो आणि त्यात कमीपणा काही नाही. युद्धकाळातली काही ए-टू बकऱ्याचीच होती आणि अमेरिकी नौदलाची जॅकेटं तर मुख्यतः बकऱ्याची. त्याचा दाणा उठून दिसतो, ते हलकं असतं आणि लवकर फाटत नाही. एका कातड्यात 4 ते 5 चौरस फूट मिळतं. एका जॅकेटला 30 ते 35 चौरस फूट लागतं, म्हणजे सात-आठ कातडी, आणि ती एकमेकांशी रंगाने आणि दाण्याने जुळायला हवीत. ही जुळणी कारागिराच्या नजरेची असते. पाठीला सर्वांत निर्मळ तुकडा, बाह्यांना त्याखालचा, आतल्या पट्ट्यांना पोटाकडचा.

अर्विनसाठी लोकरीसकट मेंढीचं कातडं लागतं. आपली दख्खनी मेंढी घोंगडीसाठी उत्तम, पण तिची लोकर भरड. दाट, मऊ लोकरीची कातडी परदेशातूनच आणावी लागतात. किमतीतला मोठा फरक यामुळे पडतो, आमच्या शिलाईमुळे नाही. तीन-चार किलोंचं हे जॅकेट मुंबई-पुण्यात घालायचे दिवस फारसे नसतात, हेही आधीच सांगतो. लंडन, टोरांटो, शिकागोच्या नातवंडांना ते खरोखर कामाला येतं.

चामडं कमावण्याच्या दोन पद्धती आहेत. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं मऊ, पाण्याला सोसणारं, रंग टिकवणारं. झाडाच्या सालीने कमावलेलं सुरुवातीला ताठ असतं, मग घालणाऱ्याच्या अंगाच्या घड्या धरतं आणि वर्षागणिक रंगाने गडद होतं. सह्याद्रीतला हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल ही आपल्याकडची जुनी साधनं. कोल्हापुरी चपलेचं चामडं हिरडा-बाभळीवरच कमावतात. आठवण म्हणून शिवायचं असेल आणि सांभाळायची तयारी असेल तर आम्ही सालीचं सुचवतो. कोकणात राहत असाल तर क्रोमचंच घ्या.

दुकानात ‘प्युअर लेदर’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ वस्तूंवर वरून प्लास्टिकचा थर असतो. खात्री करायची तर उलट बाजू आणि कापलेली कड पाहा. आमच्याकडे प्रत्येक ग्राहकाला चामडं कापण्याआधी बोलावतो, कातडी टेबलावर पसरतो, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच कात्री लागते.

माप आणि शिलाई

त्या काळचं जॅकेट आखूड असायचं, कमरेवर थांबायचं, आणि काखेत वरपर्यंत कापलेलं असायचं. कारण वैमानिक बसून काम करत असे. आजचा नातू आजोबांपेक्षा उंच आणि रुंद असतो, म्हणून नुसतं माप वाढवून चालत नाही, कॉलर आणि खिशांचं प्रमाणही पुन्हा बसवावं लागतं. आधी आम्ही मांजरपाटाचं कच्चं जॅकेट शिवतो आणि तुम्हाला खुर्चीत बसवून हात पुढे करायला सांगतो. चामड्याला सुईचं एकदा पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे सगळ्या दुरुस्त्या कापडावरच उरकतो. कुणी वापरणार नसेल, नुसतं काचेच्या कपाटात ठेवायचं असेल, तर आजोबांच्याच मापाचं शिवा. आमच्या मते ते जास्त बोलकं दिसतं.

चिन्हं, नावं, चित्रं

आजोबांना जे मिळालं होतं तेवढंच लावायचं, हा आमचा नियम. त्यांच्या तुकडीचं चिन्ह पुराव्यासह दाखवलंत तर ते चामड्यावर हाताने रंगवतो किंवा जरदोजी कारागिराकडून भरून घेतो. यात आपल्या देशाचा एक खास वाटा आहे. आसामच्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला माल नेणाऱ्या अमेरिकी वैमानिकांनी आपल्या जॅकेटांवरची कितीतरी चिन्हं इथल्याच कारागिरांकडून करून घेतली होती, कधी रंगीत चामड्याचे तुकडे जोडून, कधी जरीने.

पाठीवर विमानाचं गोल चिन्ह हवं असेल तर एक गोष्ट सांभाळा. जपानी विमानांवर लाल गोळा असे. गफलत टाळायला ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या चिन्हातून लाल रंग काढून टाकला होता. तिथलं चिन्ह निळ्याच्या दोन छटांचं. लाल ठिपक्याचं चिन्ह इंग्लंडमध्ये लढलेल्यांना शोभतं. आजच्या भारतीय हवाई दलाचे बिल्ले आणि हुद्द्याची चिन्हं आम्ही कुणालाच लावून देत नाही, आणि पदकंही जॅकेटवर शिवत नाही. वैमानिकांना दिलेला रेशमी नकाशा घरात असेल तर त्याची प्रत कापडावर छापून अस्तराला लावता येते. मूळ नकाशा तसाच राहतो.

चामडं घासून, खरवडून, चहाचे डाग पाडून जुनं भासवण्याचं काम आम्ही करत नाही. जुनेपण तुमच्या घरात, वापरून येऊ दे. प्रत्येक जॅकेटच्या आतल्या खिशाखाली आम्ही एक पट्टी शिवतो: आजोबांचं नाव, त्यांची तुकडी, आणि ‘प्रतिकृती’ या शब्दासह शिवल्याचं साल. पुढे कुणी ते अस्सल म्हणून विकू नये, यासाठी ही पट्टी काढून देण्याची विनंती स्वीकारली जात नाही.

वेळ, पैसे, निगा

शोध पूर्ण झाल्यावर शिलाईला दोन ते तीन महिने धरा. लोकरीचं कातडं मागवायचं असेल तर जास्त. चामडं ठरल्यावर लेखी किंमत देतो, निम्मी रक्कम तेव्हा आणि उरलेली जॅकेट अंगाला बसल्यावर. शोधकामाचे वेगळे पैसे घेत नाही. आजोबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला किंवा जन्मशताब्दीला हवं असेल तर आधीच सांगा, घाईत शिवलेलं आम्ही देणार नाही.

पावसाळ्यात बुरशी हा मोठा शत्रू. जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती खोळीत, भिंतीपासून सुटं टांगा आणि दर पंधरा दिवसांनी पंख्याखाली वारा द्या. भिजलं तर सावलीत वाळवा. इस्त्री, ड्रायर, कडक ऊन, खोबरेल, सगळं वर्ज्य. पांढरी बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि आम्हाला कळवा.

मनगटाची आणि कमरेची विणलेली पट्टी काही वर्षांनी सैल पडते, चेनही कुरकुरते. दोन्ही बदलून देतो. तुमच्या जॅकेटचा फर्मा नावासह आमच्याकडे जपून ठेवलेला असतो. चुलत-मावस भावंडांपैकी आणखी कुणाला हवं असेल तर नव्याने शोध घ्यावा लागत नाही, फक्त माप द्यायला यावं लागतं.