वर्षातून एकच ओहोटी

शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला निघालेला मुंबईकर आदल्या रात्री भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून बसतो. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी पांगतात आणि ओहोटीला उघडा पडला की परत येतात. आमच्या सोलापुरात हे काम पेपरातली एक छोटी चौकट करते: ‘उजनी आज इतके टक्के’, म्हणजे भीमेवरचं उजनी धरण किती भरलंय. शेतकरी ती उसासाठी बघतो. शहरातला माणूस नळाला पाणी किती दिवसांआड येणार या काळजीनं बघतो. आणि थोडी माणसं ती चिखलासाठी बघतात. मी या तिसऱ्या गटातला आहे. (दुसऱ्याही गटातला आहेच, पण तो विषय निघाला की पक्षी बाजूला राहतात.)

रत्नागिरीचा माझा मामेभाऊ एकदा गड्ड्याच्या यात्रेला म्हणून सोलापुरात आला होता. त्याला घेऊन पहाटे तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परग्याच्या तलावावर गेलो. हा एकरुख तलाव १८७१ सालचा, अदिला नदीवर मातीचा बांध घालून केलेला. भावाच्या घराजवळ समुद्रात घुसलेला कातळाचा सुळका आहे आणि त्याच्या पोटाशी खाडी. हिवाळ्यात त्याची सकाळ तिथंच जाते. “तुमच्याकडं कुठला रे समुद्र,” म्हणत त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि एकदम गप्प झाला. काठावर मुठीत मावतील एवढे तीस-चाळीस पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारख्या चोची मारत पळत होते. छोटे टिलवे. “हा तर आमच्या खाडीवरचा!” तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी तक्रारच होती, शेजाऱ्यानं आपली वस्तू न विचारता नेल्यासारखी.

खरं तर टिलवा खाडीचाही नाही आणि तलावाचाही नाही. तो जन्मतो स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या टुंड्रात. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच रुपयांची चार नाणी. तिथली जमीन हिवाळ्यात दगडासारखी गोठते, चोच शिरत नाही आणि आत खायलाही काही हलत नाही. म्हणून तो निघतो. आपण सहज म्हणून टाकतो की पक्षी थंडीला कंटाळून येतात. पण पिसांच्या आत बऱ्यापैकी ऊब असते. त्यांना हाकलते ती भूक, आणि निघायची वेळ कळते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून.

उजनीवर दिसणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचंही असंच. कुरव म्हटलं की डोळ्यांपुढं बंदर आणि मासळीच्या होड्या येतात, पण याची वीण होते लडाख-तिबेटच्या उंच पठारावरच्या तळ्यांकाठी, समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. आपल्याकडं आल्यावर त्याचं डोकं तपकिरीही नसतं. हिवाळ्यात ते पांढरं होतं, कानामागं काळसर ठिपका तेवढा उरतो. नाव वाचून शोधणारा नवखा हमखास फसतो. मीही फसलो होतो.

म्हणजे यांना मिठाशी देणंघेणं नाही. त्यांना हवी असते नुकतीच उघडी पडलेली, अजून ओली असलेली जमीन. समुद्रकाठी ती रोज मिळते, कारण सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटांत तिथं दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. सोलापूर जिल्ह्यात ओहोटी वर्षातून एकच, पण ती आठ महिने चालते. ऑक्टोबरात धरण काठोकाठ असतं. मग कालव्याला रब्बीचं आवर्तन सुटतं, नदीत पाणी सोडतात, ऊन ओढून घेतं, आणि पाणी जूनपर्यंत मागं मागं सरकत राहतं. पुढच्या पावसाळ्यात भीमेला पूर आला की भरती.

या ओहोटीचा आवाका मोठा आहे. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्य होते, आणि त्याखालचं पाणी वापरायला लागलो की आकडा उणे होतो. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य बाहेरच्या माणसाला कोड्यासारखं वाटतं. इथं ते शाळकरी पोरालाही कळतं. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, धरण भरलंच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली उतरला होता.

बॅकवॉटरचा काठ कसा आहे, यावर चिखल किती उघडा पडणार ते ठरतं. समजा जमिनीला दोनशेला एक असा उतार आहे. मग पाणी नुसतं दहा सेंटिमीटर उतरलं, म्हणजे वीतभरही नाही, तरी वीस मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो. कडा उभी असेल तर तेवढ्याच पाण्यात हातभरसुद्धा नाही. म्हणून धरणाच्या भिंतीजवळ दुर्बीण घेऊन ताटकळणाऱ्याला फार काही सापडत नाही आणि करमाळा तालुक्यात केत्तूरसारख्या गावांच्या पसरट काठांवर गर्दी असते. ओढा जिथं धरणाला मिळतो तिथं तर आणखी.

पण हा पट्टा सगळाच कामाचा नसतो. आपली काळी माती सुकली की तिला भेगा पडतात आणि चोचीला ती विटेसारखी लागते. पाण्यालगतची चार-सहा पावलं, जिथं चिखलावर अजून चकाकी आहे, तेवढीच पंगत. ती पंगत रोज थोडी पुढं सरकते आणि पक्षी तिच्यामागं जातात. गाळपेर करणाऱ्या एका काकांनी हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: “पाणी सरकंल तशी ती सरकत्यात बघा, आन् त्यांच्या मागनं आमी.” पाण्यानं सोडलेल्या गाळात ते हरभरा टाकतात. आधी पक्षी, मग पेरणीची पाभर.

या चार-सहा पावलांत कोण कुठं उभं राहणार हेही ठरलेलं असतं, आणि मला सगळ्यात जास्त गंमत यातच वाटते. कोरड्या कडेला धोबी शेपूट हलवत फिरतो. त्याच्या पुढं कंठेरी चिखल्या. याची चोच आखूड, पण डोळे मोठे. चार पावलं पळायचं, थबकायचं, टक लावायची, हललं की टिपायचं. त्याची शिकार नजरेची असल्यामुळं त्याला थबकणं भाग आहे. कधी कधी तो एक पाय चिखलावर थरथरवतो, खालचे किडे बिचकून हलावेत म्हणून. टिलवा मात्र थांबतच नाही, कारण तो चोचीनं चाचपतो. घोट्याएवढ्या पाण्यात तुतवार आणि टिवळे, आणखी पुढं लालसर काड्यांवर उभे केल्यासारखे शेकाटे आणि लांब सरळ चोचीचा पाणटिवळा. त्याच्याही पुढं रोहित, डोकं उलटं करून पाणी गाळत. मग पाय टेकत नाहीत तिथून बदकं सुरू होतात, थापटे, तलवार बदकं, आणि वारकरी. वारकरी हे मी कौतुकानं दिलेलं नाव नाही. अंगानं काळा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या या पाणपक्ष्याला मराठीत वारकरीच म्हणतात. पंढरपूरच्या जिल्ह्यात त्याला दुसऱ्या नावानं हाक मारायची माझी तरी हिंमत नाही.

टिलव्याचं आणि पाणटिवळ्याचं चाचपणं म्हणजे आंधळेपणानं टोचणं असं वाटेल. तसं नाही. त्यांच्या चोचीच्या टोकाला हाडात बारीक बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं. चोच म्हणजे त्यांचं बोटच. नेदरलँड्समध्ये या कुळातल्या नॉट नावाच्या पक्ष्यावर झालेल्या प्रयोगांतून एक विलक्षण गोष्ट कळली. ओल्या वाळूत पुरलेली वस्तू त्याला शिवायचीही गरज पडत नव्हती. चोच खुपसली की वाळूच्या कणांमधलं पाणी दाबलं जातं, आणि वाटेत काही टणक असेल तर त्या दाबाची नक्षी बदलते. तो बदल चोचीच्या टोकाला जाणवतो. प्राण्यांऐवजी दगड पुरले तरी त्याला ते सापडले. वाळू कोरडी केल्यावर मात्र काहीच सापडेना.

या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा उजनीचा काठ मला पहिल्यांदा नीट कळला. चकाकी गेलेल्या चिखलाकडं हे पक्षी पाठ का फिरवतात, तर नुसती जमीन कडक झाली म्हणून नव्हे, तिथं त्यांना ‘ऐकू’ येत नाही म्हणूनही. आणखी एक सोय त्यांच्याकडं आहे. चिखलात रुतलेली चोच आपल्या चिमट्यासारखी पूर्ण उघडणं शक्य नसतं, म्हणून यांच्यातले बरेच जण चोचीचं फक्त टोक उघडू शकतात. बाकीची चोच मिटलेलीच.

मग त्या चिखलात असतं काय? बोटानं उकरून बघा, तांबड्या रंगाच्या दोऱ्यासारख्या अळ्या निघतात. संध्याकाळी काठावर धुरासारखे उठणारे, न चावणारे जे कीटक आपल्या तोंडाडोळ्यांत जातात, त्यांची ही पिल्लं. त्यांचा तांबडा रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं त्याच जातीच्या रेणूचा. कीटकांमध्ये तो विरळा. पण तळाच्या गाळात प्राणवायू इतका कमी असतो की मिळेल तो कण धरून ठेवणारं काहीतरी लागतंच.

गंमत म्हणजे त्याच काठावर, पंचवीस पावलं मागं, गवत आणि गाळपेरीचा कोवळा हरभरा चरत दुसरा एक हिमोग्लोबिनवाला उभा असतो. पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा राजहंस तिबेट, लडाख, मंगोलियातून हिमालय ओलांडून येतो. मंगोलियात गळपट्टे घातलेले कदंब दक्षिण भारतातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. यंत्रं बसवलेल्या पक्ष्यांपैकी एकाची ७,२९० मीटर उंचीची नोंद आहे. तिथं हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये काही मोजके अमिनो आम्लांचे बदल आहेत आणि त्यांमुळं विरळ हवेतही प्राणवायू घट्ट पकडला जातो. शिवाय फुफ्फुसं मोठी, श्वास खोल. तरीही तो उगाच उंची गाठत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की तो डोंगराच्या अंगाअंगानं उडतो, दरी आली की खाली उतरतो, कडा आला की पुन्हा चढतो. मिळवलेली उंची सोडून देणं आपल्याला तोट्याचं वाटतं, पण विरळ हवेत पंख मारत राहण्याचा खर्च त्याहून जास्त पडतो.

तळातली अळी आणि हिमालयावरचा कदंब, दोघांची अडचण एकच आणि तोडगाही जवळपास एकच. कदंब पाला खातो, अळ्यांच्या वाटेला जात नाही, त्यामुळं ही दोन हिमोग्लोबिनं सहसा एकमेकांना भेटत नाहीत.

आता जरा नकोसं बोलायला हवं. उजनीचा गाळ इतका सकस का, याचं एक उत्तर वरच्या शहरांच्या सांडपाण्यात आहे. नदीबरोबर येणारं नत्र आणि स्फुरद शेवाळाला पोसतं, आणि शेवाळ मरून तळाला गेलं की अळ्यांना. म्हणून पक्ष्यांची रेलचेल बघून ‘पाणी छान आहे’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तांबड्या अळ्यांची दाटी हे बऱ्याचदा बिघडलेल्या पाण्याचंच लक्षण असतं. हिरव्या सायीसारखा तवंग धरलेला बॅकवॉटरचा फाटा मी पाहिला आहे, तिथं कडेला टिलवेही नव्हते. मासळीतही चिलापी सगळीकडं माजली आहे. पाणी उतरल्यावर तिनं अंड्यांसाठी कोरलेले ताटलीएवढे खळगे चिखलात उघडे पडतात. चिलापी मुळात आफ्रिकेची. पण त्या खळग्यांत साचून राहिलेल्या पाण्यावर आमचे तुतवार खूश असतात.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. चिखलावर चालत पुढं जाऊ नका, आणि फोटोसाठी थवा उठवणाऱ्याला तिथंच हटका. पंचवीस ग्रॅमच्या पक्ष्याला प्रत्येक फुकटचं उड्डाण महागात पडतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाणी बरोबर असू द्या, काठावर चहा मिळत नाही. मार्चअखेरीस गेलात तर पाणटिवळ्यांच्या छातीवर विटेचा रंग चढायला लागलेला दिसेल. विणीचा पोशाख ते इथूनच घालून निघतात.

मागच्या जानेवारीत मी केत्तूरच्या बाजूला अगदी पाण्याच्या कडेला एक चपटा दगड ठेवला. पंधरा दिवसांनी गेलो तर दगडापासून पाण्यापर्यंत चाळीस पावलं भरली. टिलवे तिकडं, चकाकीवर. दगडाभोवती भेगा पडल्या होत्या आणि त्याच्यावर पिवळा धोबी बसला होता. आणखी पंधरा दिवसांनी दगड सापडेना. काकांनी तो बांधावर टाकला होता, पाभरीला आडवा येत होता म्हणून.