एपस्टीन-बार विषाणूमुळे मेंदूत होणारी स्नायूगाठ

एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा जन्मजात दोष यांमुळे रोगप्रतिकारशक्ती खचलेल्या माणसांत क्वचित आढळणारे अर्बुद. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे अरेखित, म्हणजे आपल्या इच्छेबाहेर चालणारे स्नायू असतात, त्यांच्या पेशींशी साधर्म्य असलेल्या पेशींची ही गाठ. स्नायूची गाठ मेंदूशी कशी, हा प्रश्न साहजिक आहे. पण मेंदूची आवरणेही रक्तवाहिन्यांनी भरलेली असतात.

एपस्टीन, अचाँग आणि बार यांनी 1964 मध्ये बर्किट लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगात एपस्टीन-बार विषाणू प्रथम पाहिला. जगातल्या 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुक्कामाला असतो आणि टी-पेशी या संरक्षक पांढऱ्या रक्तपेशींच्या पहाऱ्यामुळे बहुधा निमूट राहतो. पहारा ढिला पडला की तो पेशींना अनिर्बंध वाढायला लावू शकतो. अशा स्नायूगाठींशी त्याचा संबंध 1995 मध्ये एड्सग्रस्त मुलांत आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांत दाखवला गेला. प्रत्यारोपणानंतर त्या जास्त करून यकृतात दिसतात, एड्समध्ये मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांत.

डोकेदुखी, झटके, एका वस्तूच्या दोन दिसणे ही लक्षणे गाठ कुठे दाबते त्यावर ठरतात. खरी अडचण निदानाची. एमआरआयवर ती हुबेहूब मेनिन्जिओमासारखी, म्हणजे मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या नेहमीच्या गाठीसारखी दिसते. शिवाय भारतात एचआयव्हीबाधिताच्या मेंदूत गाठ दिसली की आधी क्षयाची गाठ किंवा टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग आठवतो, आणि ते योग्यच आहे, कारण ते कितीतरी अधिक आढळतात. म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय उलगडा होत नाही. त्यात लांबट पेशी दिसतात, स्नायूंची प्रथिने रंग घेतात आणि ‘ईबर’ चाचणीत पेशीकेंद्रांत विषाणूचा आरएनए सापडतो. ही शेवटची चाचणी मुद्दाम मागवावी लागते. ती राहिली तर नाव चुकते.

एकाच रुग्णात अनेक ठिकाणी गाठी आढळल्या की घरचे ‘पसरला’ म्हणून हाय खातात. मात्र या आजारात अनेकदा प्रत्येक गाठ स्वतंत्र संसर्गातून उगवलेली असते, एकीतून दुसरी निघालेली नसते.

शक्य तिथे शस्त्रक्रियेने गाठ काढतात. त्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती सावरणे तितकेच महत्त्वाचे: एचआयव्हीत एआरटी, म्हणजे त्या विषाणूला रोखणारी औषधयोजना, जी भारतात सरकारी केंद्रांतून 2004 पासून मोफत मिळते; आणि प्रत्यारोपणात नवा अवयव नाकारला जाणार नाही अशा बेताने औषधांची मात्रा घटवणे. काहींना पेशींची वाढ रोखणाऱ्या सिरोलिमस या औषधाचा उपयोग झाला आहे. गाठ बहुधा सावकाश वाढते, त्यामुळे मृत्यू ओढवलाच तर तो पुष्कळदा गाठीपेक्षा खचलेल्या प्रतिकारशक्तीतून होणाऱ्या इतर संसर्गांनी येतो.