दुपारी सव्वादोनला हँग होणारा कॉम्प्युटर

आमचे मामा नाशिकला सिडकोत राहतात, अगदी वरच्या मजल्यावर, त्यामुळे मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. त्यांचा कॉम्प्युटर रोज सव्वादोनच्या सुमाराला हँग व्हायचा. सकाळी ठीक, रात्री ठीक, पण दुपारी जेवून मामा सोसायटीचे हिशेब उघडून बसले की थोड्या वेळात सगळं जागच्या जागी. मामींचं निदान ठरलेलं, ऊन. म्हणून टेबल फॅन कॅबिनेटकडे तोंड करून लावला होता आणि मामा स्वतः घाम पुसत बसायचे. दुकानवाल्याने मात्र मदरबोर्ड गेलाय सांगून नव्याचा भावही दिला.

उन्हाचा संशय तसा वेडगळ नाही. प्रोसेसर गरम होतोच, पण बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्रीच्या आसपास असते आणि त्याच्या जवळ गेला की तो आपणहून वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर मशीन फटकन बंद पडतं. म्हणजे उष्णतेने कॉम्प्युटर रांगतो किंवा विझतो, नुसता पुतळा होऊन बसणं त्यामानाने कमी. तरी कॅबिनेट उघडलं, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या) फटींमध्ये धुळीची गोधडीच होती आणि कोपऱ्यात एक वाळलेली पालही निघाली (मामींना दाखवली नाही). ब्लोअर मारला, फॅनची पाती पेनाने धरून, नाहीतर हवेने तो गरागरा फिरून खराब होतो. तापमान बघितलं तर भर दुपारी ६२. दुसऱ्या दिवशी सव्वादोनला परत हँग.

मग मी सरळ त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. हँग झाल्यावर आधी दोन गोष्टी बघायच्या, माऊसचा बाण हलतोय का आणि कॅप्स लॉक दाबलं की कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का. तो दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही, विंडोजने सांगितलं तरच लागतो. दोन्ही मेलं असेल तर रॅम, पॉवर सप्लाय, ड्रायव्हर अशा खोलातल्या भानगडी. रॅम खोडरबराने पुसायचा आपला देशी उपाय चालतो कधीकधी, पण बऱ्याचदा काढून परत घट्ट बसवणं हेच खरं काम करून जातं, आणि शंका असेल तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवावी.

मामांचा बाण मात्र मजेत हलत होता, दिवाही लागत होता. म्हणजे विंडोज जिवंत होतं, फक्त कशाची तरी वाट बघत बसलं होतं. मामांचा हात सवयीने स्विचकडे गेला.

"मामा, थांबा जरा, बंद नका करू."

"अरे, काही होत नाही त्याने, मी रोजच करतो!"

दीड मिनिटाने कॉम्प्युटर आपोआप सुटला आणि परत अडकला. टास्क मॅनेजर (कोण किती काम करतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) आधीच उघडून ठेवला होता, त्यात डिस्क १०० टक्के आणि वाचायचा वेग जवळजवळ शून्य. मजुराने घाम गाळावा आणि वीट एक हलू नये, असा प्रकार.

हे असं का होतं बघा. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. माहिती छोट्या तुकड्यांत असते, त्यांना सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर खराब झाला आणि वाचता आला नाही तर डिस्क लगेच हार मानत नाही, पुढच्या फेरीत परत वाचून बघते, मग परत, कित्येक सेकंद, कधी मिनिटभरसुद्धा. अर्ध्या मिनिटात तबकडी ३६०० वेळा फिरलेली असते. तेवढा वेळ डिस्ककडे काही मागणारा प्रत्येक प्रोग्राम रांगेत ताटकळतो.

पण सव्वादोनलाच का? इथे माझंच पाप निघालं. काही वर्षांपूर्वी मीच अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन रोज दुपारी दोनला लावून दिला होता, कारण तेव्हा मामा वामकुक्षी घ्यायचे. पुढे सोसायटीचे खजिनदार झाले आणि झोप गेली. स्कॅन सगळ्या फाइली त्याच क्रमाने वाचत जायचा आणि साधारण पंधरा मिनिटांनी जुन्या मुंजीच्या फोटोंपाशी पोचायचा, जे एरवी कोणी उघडतच नव्हतं. खराब सेक्टर नेमके तिथे.

आणि मदरबोर्ड? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या वहीत, ४१ नंबरच्या नोंदींची रांग होती, दुकानवाल्याने तीच बघितली असणार. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, आणि ते मामाच करत होते, रोज, स्विचने. त्याच यादीत खाली ७ नंबरच्या, म्हणजे डिस्कवर बॅड ब्लॉक सापडल्याच्या नोंदी होत्या, त्या कोणी बघितल्या नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसते, तिथे वाचता न येणारे आणि निकाल बाकी असलेले सेक्टर, ती पेंडिंगची ओळ, चांगलीच भरलेली.

अशा वेळी लोक म्हणतात फॉरमॅट मार. क्विक फॉरमॅट तबकडी तपासतच नाही, नुसती अनुक्रमणिका कोरी करतो, दुखणं तसंच राहतं. चेकडिस्कही (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) लगेच लावू नका, मरणाऱ्या डिस्कला अख्खी वाचायला लावलं तर आहे तेही जाऊ शकतं. आधी बॅकअप, कामाच्या फाइली पहिल्या, अडणारं शेवटी. आम्ही हिशेब काढले, मग फोटो, मुंजीचे अकरा फोटो गेले ते गेलेच. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली (चिपांमध्ये माहिती ठेवणारी डिस्क), तिच्यात फिरणारं काही नसतं, पण बॅकअप तिचाही लागतोच.

आता स्कॅन दुपारी दोनलाच चालतो, मामांना कळतही नाही. टेबल फॅन मात्र अजून कॅबिनेटकडेच तोंड करून आहे, मामी हलवू देत नाहीत.