घरी उघडलेल्या इंजिनाचे काम चुकले असल्यास

इंजिनाचे काम घरी करताना काही बिघडले आहे अशी शंका आली, तर ‘एकदा चालू करून बघू’ म्हणून किल्ली फिरवू नये, एवढी विनंती आम्ही गॅरेजवाले प्रथम करतो. पाने हातात असेपर्यंत झालेली चूक बहुधा एखाद्या बोल्टपुरती किंवा गॅस्केटपुरती (जोडातील गळती रोखणाऱ्या पट्टीपुरती) असते. त्याच चुकीवर इंजिन फिरले की ती आतल्या महागड्या भागांपर्यंत पोहोचते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण टायमिंग बेल्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) पिस्टनच्या हालचालीशी जुळवून उघडणाऱ्या दातेरी पट्ट्याचे आहे. बेल्ट एखादा दात पुढे-मागे बसला तर इंजिन बहुधा अडखळत चालते; परंतु चूक त्याहून मोठी असेल, तर अनेक इंजिनांमध्ये उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून बेल्ट बसवल्यावर बॅटरीची वायर व स्पार्क प्लग काढावेत आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा होतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर त्यांच्या चाकांवरच्या सर्व खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्येच पाना ठक्कन अडला, तर जोर न लावता तिथेच थांबावे.

आमच्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार मात्र आटे गेल्याची असते. ऑइल चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) पुष्कळदा अॅल्युमिनियमचे असते आणि त्याचा ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढण्याच्या भोकाचा बोल्ट, पोलादी. आवळताना घट्ट लागणारा बोल्ट अचानक हलका फिरू लागला, की मऊ धातूचे आटे निघाले असे समजावे. बोल्ट काढून पाहिल्यास त्याच्या खाचांत चकचकीत रुपेरी तार गुंडाळलेली दिसते. तिथे टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून गाडी चालवणे हा धोका आहे, कारण ऑइल नेमके कधी वाहून जाईल याचा भरवसा नसतो. आम्ही भोक किंचित मोठे करून नवे आटे पाडतो व त्यात पोलादी इन्सर्ट (तयार आट्यांचा तुकडा) बसवतो. ही दुरुस्ती मूळ आट्यांइतकी, किंबहुना अधिक टिकते. हीच गोष्ट स्पार्क प्लगच्या भोकात झाली असेल, तर धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडू नये याची काळजी घ्यावी लागते, म्हणून ते काम घरी करू नये. प्लग तिरका धरत आहे असे वाटताच तो उलटा फिरवून काढावा आणि पहिले काही आटे हातानेच लावावेत.

हेड उघडले असल्यास जुने बोल्ट पुन्हा लावले आहेत का, हे आम्ही आवर्जून विचारतो. अनेक इंजिनांत हे बोल्ट आवळताना ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात आणि ते एकदाच वापरायचे असतात. ते सहसा मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात. सिलिकॉन गॅस्केटबद्दलही (ट्यूबमधून लावायच्या लेपाबद्दलही) थोडे सांगितले पाहिजे: जास्त लावल्याने गळती जास्त थांबते, हा गैरसमज आहे. आत दाबला गेलेला थर तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

ऑइल फिल्टर बदलल्यावर जोरात गळती लागली, तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग तिथेच चिकटून राहिली आहे का, ते पाहावे. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर गेले असल्यास जास्तीचे काढून टाकावे.

गाडी टो करून आणावी. काढलेला प्रत्येक भाग, तुटलेलाही, सोबत द्यावा आणि काय केले ते क्रमाने सांगावे. लपवलेल्या गोष्टी शोधण्यात जाणाऱ्या तासांचे पैसे शेवटी आपल्यालाच भरावे लागतात. एखादा नट सापडत नसेल, तर तेही अवश्य सांगावे. इनटेक (इंजिनात हवा जाण्याचा मार्ग) उघडा असताना नट हरवला असेल, तर तो मिळेपर्यंत किंवा आत नाही याची खात्री होईपर्यंत आम्ही इंजिन सुरू करत नाही.