‘श्यामची आई’ : सुवर्णपदकाचा जुना वाद आणि नंतरची सत्तर वर्षं

पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं, 1935 मध्ये छापलं गेलं आणि 1953 मध्ये पडद्यावर आलं. या वीस वर्षांबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगावं असं फारसं काही नाही. लेखक साने गुरुजींना मात्र चित्रपट पाहता आला नाही. 1950 मध्येच ते गेले होते. चर्चा आजही अडते ती ऑक्टोबर 1954 मध्ये दिल्लीत मिळालेल्या पदकापाशी.

केंद्र सरकारने तेव्हा पहिल्यांदाच चित्रपटांना पुरस्कार दिले. 1953 मधला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला गेलं आणि ‘दो बिघा जमीन’ या हिंदी चित्रपटाची बोळवण गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्रावर झाली. (‘सुवर्णकमळ’ हे नाव बरंच नंतरचं, आपल्याकडे सर्रास तेच लिहिलं जातं.) त्याच वर्षी कान महोत्सवात ‘दो बिघा जमीन’ला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं, त्यामुळे निवड चुकली म्हणणाऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत आलं. एकीकडे जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शेतकरी, दुसरीकडे कोकणातल्या गरीब घरातली आई आणि तिचे संस्कार. परीक्षकांनी अवघड प्रश्न टाळून सोज्वळ उत्तर निवडलं, असा हा आक्षेप. मराठी माणूस त्यावर चिडतो आणि वाद पुढे भाषेच्या अभिमानावर घसरतो.

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. पुरस्कारांच्या मूळ हेतूतच कलात्मक आणि तांत्रिक दर्जाच्या जोडीला शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्य असलेल्या चित्रपटांना उत्तेजन देण्याची भाषा होती. या मापाने ‘श्यामची आई’चं पारडं जड होणं साहजिकच होतं. माप बरोबर होतं का, हा प्रश्न वेगळा, आणि मला विचाराल तर तोच खरा. नव्या सरकारला चित्रपटाने शिकवावं असं वाटत होतं आणि हा चित्रपट उघडउघड शिकवतो. पण चांगलं शिकवतो, हे नाक मुरडणाऱ्यांनीही कबूल करायला हवं.

अंघोळीनंतरचा प्रसंग घ्या. ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून पोरगं अडून बसतं. आई मुकाट्याने धोंडीवर लुगडं पसरते, त्याचे पाय टिपले जातात, आणि मग ती मनालाही तसंच जपायला सांगते. उपदेश शेवटी येतो; तोवर आपण हट्टी पोराची गंमत पाहत असतो. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीचे फटके देणारीही हीच आई. तिच्या मायेला ही करडी बाजू नसती तर चित्रपट नुसता रडका झाला असता. दिग्दर्शक आचार्य अत्रे मुळात विनोदी लेखक आणि विडंबनकार, त्याचा इथे उपयोग झाला असणार. आईच्या भूमिकेसाठी त्यांनी हिंदी पडद्यावर देखण्या नायिका रंगवलेल्या अभिनेत्रीला घेतलं, हे धाडसही विसरलं जातं. गाण्यांचं तर काय सांगावं! ‘छडी लागे छमछम’ शाळांच्या स्नेहसंमेलनांत इतकं रुळलं की ते चित्रपटातलं आहे हे अनेकांच्या गावीही नसतं.

पुढच्याच वर्षी भाषावार रौप्यपदकं सुरू झाली आणि मराठीचं पहिलं रौप्यपदक ‘महात्मा फुले’ या चित्रपटाला, म्हणजे त्याच दिग्दर्शकाला मिळालं. सर्वोच्च मान मात्र मराठीकडे परतायला पन्नास वर्षं लागली. 2004 मध्ये ‘श्वास’ने ती वाट मोकळी केली. मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी ती रुंद केली. यातल्या प्रत्येक वेळी बातम्यांत पहिल्या मानकऱ्याची आठवण निघाली. ज्यांनी चित्रपट कधी पूर्ण पाहिला नव्हता त्यांनाही तो त्यामुळे नावाने ठाऊक राहिला.

2023 मध्ये त्याच नावाचा नवा चित्रपट आला. 71व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. जुन्याशी तुलना होणारच होती, तरी नव्या मंडळींनी तो कृष्णधवल केला. ही निवड मला तितकीशी पटलेली नाही. 1953 मध्ये कृष्णधवल हीच रीत होती. आता ती मुद्दाम केलेली सजावट वाटते. अभिनय मात्र तिच्यावर मात करतो.